जिप्सीचं खालचं काम : ट्रान्सफर, प्रोपेलर आणि पुढचा अ‍ॅक्सल

१२ जानेवारी २०२५, नऱ्हे

गाडी जिप्सी किंग. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन. लष्कराच्या लिलावातून सुटलेली, मधे एकाने वापरलेली, मग माझ्याकडे आलेली. इंजिन ठणठणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. काम सगळं खालचं आहे : ट्रान्सफर (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा आणि हाय-लो देणारा डबा), प्रोपेलर (तो जोर अ‍ॅक्सलपर्यंत नेणारे फिरते शाफ्ट) आणि पुढचा अ‍ॅक्सल.

तक्रारी बऱ्याच आहेत. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, सगळ्यात संथ) उतारावर पाय काढला की लिव्हर उडून न्यूट्रलला येतो. साठच्या आसपास फरशी थरथरते. पुढच्या दोन्ही नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) काळपट पातळ ग्रीस गळतं. आणि मुख्य म्हणजे क्लच जळतो. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना दगडांच्या पट्ट्यात चालत्या माणसाच्या वेगाने चढावं लागतं. तिथे लो पहिल्यातही गाडी जास्त पळते, म्हणून क्लच अर्धा दाबून धरावा लागतो आणि वास सुटतो.

अशा वेळी बरेच जण मोठे टायर आणि कडक क्लच घालतात. माझं मत उलट आहे. मोठा टायर घातला की तोच गिअर आणखी उंच, म्हणजे जास्त पळणारा, होतो आणि ओझं पुढच्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर जातं. या गाडीला लो अजून खाली हवा. टायर मूळ मापाचेच राहतील, २०५/७० आर१५.

काहीही उघडण्याआधी मापं घेतली. चाकांना ठोकळे लावले, न्यूट्रल केलं, मागच्या डिफ्रन्शलच्या फ्लेंजवर (प्रोपेलर बोल्टने जोडतात त्या चकतीवर) खडूची रेघ मारली आणि प्रोपेलर हाताने इकडून तिकडे फिरवला. रेघ ३ मिमी सरकली, म्हणजे डिफ्रन्शल ठीक. मग मागचा प्रोपेलर सोडला, गाडी पहिल्यात टाकली आणि ट्रान्सफरच्या मागच्या फ्लेंजवर तेच केलं. तिथे ११ मिमी. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मधल्या छोट्या शाफ्टवर यातले जेमतेम ४ निघाले. उरलेला सगळा प्ले (ढिलेपणा) ट्रान्सफरचा. हे माप घेतलं नसतं तर काकांनी आधी डिफ्रन्शल उघडलं असतं, कारण आवाज मागून येत होता.

काका म्हणजे आमचे मिस्त्री. शेड त्यांची, रविवार माझे.

अंदाज ४५,००० रुपये धरला आहे.

१९ जानेवारी

ट्रान्सफर खाली उतरवला. जिप्सीत तो गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मागे वेगळा, तीन रबरी माउंटवर टांगलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता निघतो. पण एकट्याने काढायच्या भानगडीत पडू नका. शेवटचा बोल्ट सुटताच तो एका बाजूला कलंडतो. आम्ही खाली ट्रॉली जॅक आणि त्यावर लाकडी फळी ठेवली होती.

फ्लेंज सोडण्याआधी प्रत्येक जोडावर पंचने खूण करा. खडू डिझेलने धुतल्यावर निघून जातो.

तीनपैकी एका माउंटचं रबर लोखंडापासून पूर्ण सुटलं होतं, दुसऱ्याला भेग. लिव्हर उडण्याचं एक कारण इथेच सापडलं. जोर पडला की बॉक्स वळतो, पण लिव्हर फरशीतल्या बुटामुळे जागीच अडतो आणि गिअर ओढला जातो. तुमच्या गाडीचा लिव्हर उडत असेल तर बॉक्स उघडण्याआधी माउंट बघा. तिन्ही नवीन, २,४०० रुपये.

तेल सोडलं तर दुधाळ निघालं. पाणी गेलं होतं. ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर करू देणारी) नळी चिखलाने बंद होती. गरम बॉक्स ओढ्यातल्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असला तर ती सीलच्या कडेने पाणी आत ओढते. आता ट्रान्सफर आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला लांब नळ्या लावून इंजिनच्या खणात वर नेणार आहोत. खर्च किरकोळ आहे, आणि पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हे पहिल्या दिवशी करावं.

२६ जानेवारी

बॉक्स उघडला. उघडताना शिफ्टर रॉडच्या मागे छोटे चेंडू आणि स्प्रिंग असतात. रॉड ओढताच चेंडू उडतो. भोकावर अंगठा आणि खाली पत्र्याचा ट्रे ठेवूनच ओढा.

आत काय होतं: काउंटर शाफ्टवर नीडल बेअरिंग जिथे फिरतात तिथे खड्डे. थ्रस्ट वॉशर घासून पातळ. लोच्या बाजूच्या स्लीव्हचे दात गोल झालेले. लिव्हर उडण्याचं दुसरं कारण हे. म्हणजे नुसते माउंट बदलून भागलं नसतं.

आता निवड. याच बॉक्सला शाफ्ट, वॉशर, स्लीव्ह, बेअरिंग सगळं नवीन घालायचं, की दुसरा बॉक्स शोधायचा? किंगच्या ट्रान्सफरचं गुणोत्तर (चाकांकडची बाजू एकदा फिरायला इंजिनकडची किती वेळा फिरते; आकडा मोठा तितका गिअर खालचा) हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८ आहे. जुन्या एक लिटर जिप्सीचं, म्हणजे ९७० सीसीवालीचं, हायमध्ये १.५८० आणि लोमध्ये २.५११. तो बॉक्स घातला तर हाय सुमारे १२ टक्के खाली येतो आणि लो जवळपास ११ टक्के. परदेशात ४.१६ चा गिअरसेट मिळतो. तो दगडांवर फारच छान, पण आयात, कस्टम आणि वाट बघणं धरून आमच्या हिशेबात बसत नव्हता. एक लिटरचा बॉक्स शोधायचं ठरलं.

२३ फेब्रुवारी

महिना शोधण्यात गेला. कुदळवाडीत एकाला सांगून ठेवलं होतं, पण या महिन्यातल्या पाडापाडीनंतर तिथले भंगारवाले पांगले, त्याचा फोनही लागेना. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारली. तिथे पाने, पुलर, जुनी व्हर्नियर चांगली मिळतात, जिप्सीचे बॉक्स नाहीत. शेवटी हडपसरच्या पलीकडे एका शेतात गंजून पडलेल्या एक लिटर गाडीतून मिळाला. ९,००० रुपये.

विकणारा काहीही सांगू दे, गुणोत्तर जागेवर तपासता येतं. मागच्या फ्लेंजवर आणि इनपुट फ्लेंजवर खडूची रेघ मारा. हायमध्ये टाकून मागची फ्लेंज दहा वेळा फिरवा आणि इनपुट किती फिरली ते मोजा. एक लिटरच्या बॉक्सला जवळपास १६ फेरे येतात, किंगच्या बॉक्सला १४. लोमध्ये २५ आणि साडेबावीसच्या थोडं वर. आम्हाला १६ आणि २५ मिळाले, तेव्हाच पैसे काढले. आपल्या गाडीची एक फ्लेंज सोबत न्या. बोल्टची भोकं आणि स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दाते) वेगवेगळ्या वर्षांच्या बॉक्समध्ये वेगळी असू शकतात.

तिथेच झाकण काढून काकांनी शाफ्टवर नख फिरवलं. "नख अडकत नाही. घे," एवढंच बोलले.

९ मार्च

या बॉक्सची जुळणी. बेअरिंग आणि सील मिळून ६,८०० रुपये. बेअरिंग नाना पेठेत घेतले. एकच नंबर तीन किमतींत मिळतो आणि स्वस्तातलं खोकं अगदी अस्सल दिसतं. आम्ही खोक्यावर विश्वास ठेवला नाही. बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला नंबर स्वच्छ आहे का, हातात फिरवल्यावर कुठे अडतं का, हे बघून मधल्या किमतीचे घेतले.

सीलचं दुखणं वेगळंच. मागच्या फ्लेंजवर जुन्या सीलच्या ओठाने वर्षानुवर्षं घासून खाच पाडली होती. अशा फ्लेंजवर कितीही चांगलं सील बसवा, गळणारच. फ्लेंज लेथवर साफ करायला दिली. लेथवाल्याने खाच जाईपर्यंत माल उतरवला आणि व्यास इतका कमी झाला की सीलचा ओठ टेकेनाच. फ्लेंज बाद झाली. दुसरी जुनी फ्लेंज ९०० रुपयांना आणली आणि तिच्या खाचेवर हात न लावता सील घरात २ मिमी आत ठोकलं. आता ओठ कोऱ्या जागेवर बसतो. सीलच्या घरात तेवढी खोली आहे का हे आधी व्हर्नियरने बघावं लागतं. आमच्याकडे होती. नसेल तर फ्लेंजवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते. लेथ हा शेवटचा उपाय.

दोन्ही अर्धी जोडताना सीलंटची रेघ बारीक ठेवा. जास्त झालेलं आत पिळलं जातं आणि तेलात तुटून फिरत राहतं.

काउंटर गिअरचा आडवा प्ले नवीन थ्रस्ट वॉशर घालून फिलर गेजने मॅन्युअलच्या मर्यादेत आणला. हाताने फिरवल्यावर बॉक्स सायकलच्या चांगल्या हबसारखा सलग फिरतो, कुठे खरखर नाही.

२० एप्रिल

मधे काकांकडे दुसरी कामं होती. आज पुढचा अ‍ॅक्सल संपला. हे सगळ्यात घाण आणि सगळ्यात महत्त्वाचं काम.

पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट बंद गोळ्याच्या आत ग्रीसमध्ये फिरतो. गोळ्याच्या आतल्या तोंडाला एक सील असतं, ते डिफ्रन्शलचं तेल आणि जॉइंटचं ग्रीस वेगळं ठेवतं. ते फाटलं की तेल ग्रीसमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं, बाहेरच्या फेल्टमधून (नमद्याच्या कड्यातून) गळतं आणि ब्रेकच्या डिस्कवर उडतं. लोक बाहेरची फेल्ट बदलतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. गळती बाहेर दिसते, पण बदलायचं ते आतलं सील. दोन्ही बाजूंचे किट, आतल्या सीलसकट, ५,२०० रुपये.

डाव्या जॉइंटचा, आतल्या गोळ्या धरून ठेवणारा, पिंजरा तडकलेला निघाला. शाफ्ट टेबलावर धरून जॉइंट पूर्ण वाकवून फिरवला तर एका जागी गोळी टकटक करत होती, आणि धुतल्यावर तडा दिसला. पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग आणि जोरात दिलेला अ‍ॅक्सिलरेटर एकत्र आले की हा जॉइंट जातो. नवीन ८,५०० रुपये. हा खर्च अंदाजात नव्हता. उजवा चांगला आहे, धुऊन नव्या ग्रीसमध्ये परत बसवला.

किंगपिनचे (नकल ज्यावर वळतं त्या खिळीचे) वरचे-खालचे बेअरिंग बदलले. इथे शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) असतात, आणि त्या जशा होत्या तशा परत घालून चालत नाही. फेल्ट न बसवता, टाय रॉडच्या भोकात वजनाचा हूक अडकवून नकल ओढायचं आणि ते हलायला किती किलोचा जोर लागतो ते बघायचं. कमी लागला तर शिम काढायची, जास्त लागला तर घालायची. आम्ही भाजीवाल्याकडचा स्प्रिंगकाटा वापरला. आधी उजवं नकल बोटाने ढकललं तरी फिरत होतं. स्टिअरिंग थरथरण्याचं कारण तेच. पूर्वीच्या मालकाने त्यासाठी स्टिअरिंगचा धक्के शोषणारा नवीन डॅम्पर टाकला होता. त्याने थरथर झाकली गेली आणि बेअरिंग आणखी झिजलं.

२७ एप्रिल

डिफ्रन्शल. मागचं पूर्ण काढून पाहिलं. हाफ शाफ्ट बाहेर ओढले की डिफ्रन्शलचा गोळा पुढून निघतो. क्राउनच्या (आतल्या मोठ्या चक्राच्या) दातांना निळा रंग लावून फिरवला, ठसा दाताच्या मधोमध आला. डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधला प्ले) ०.१३ मिमी. काही करायचं नाही, फक्त पिनियनचं (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) सील.

पिनियनचा नट सोडण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लेंजवर एका रेषेत खूण करा आणि किती आटे बाहेर आहेत ते मोजा. आत चेपणारी स्लीव्ह असते. नट मूळ जागेच्या फार पुढे आवळला की ती जास्त चेपते, बेअरिंग घट्ट होतात आणि तापून जळतात. पिनियन बाहेरच काढला तर स्लीव्ह नवीनच हवी.

शेडवर आलेल्या एकाने मागचे स्पायडर गिअर (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे) वेल्ड करून टाकायचा सल्ला दिला. फुकटात लॉक मिळतं, हे खरं. पण ही गाडी ऑफिसलाही जाते. पावसात सिंहगडाच्या वळणांवर दोन्ही मागची चाकं जबरदस्तीने सारखी फिरली तर मागचा भाग सरकतो. मला ते नको. लॉकरचा विचार वेगळा करू, पैसे जमल्यावर.

४ मे

गिअरबॉक्स काढून क्लच. प्लेट रिव्हेटपर्यंत आली होती, फ्लायव्हीलवर निळे डाग. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग ४,६०० रुपये, फ्लायव्हील घासायला ५००. मूळ मापाचाच क्लच घातला. गिअर खाली आल्यावर त्यालाच आराम मिळणार आहे.

तेल भरलं: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर ०.८, पुढचं डिफ्रन्शल २, मागचं १.५. गिअरबॉक्सला जीएल-४ (गिअर तेलाचा एक दर्जा) घाला. दुकानदार सगळीकडे जीएल-५ च खपवतो, पण त्यातली रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत. डिफ्रन्शलला मात्र जीएल-५ च हवं. सगळं मिळून ३,००० रुपये.

तिन्ही प्रोपेलरचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे) बदलून बॅलन्सिंग करून आणले होते. सहा क्रॉस २,७००, बॅलन्सिंग १,८००. संध्याकाळी गाडी जमिनीवर आली.

११ मे

साठला थरथर आहेच. आधीपेक्षा जास्त.

पहिला संशय नव्या बॉक्सवर, कारण तोच सगळ्यात मोठा बदल. पुन्हा उतरवला, उघडला, काही सापडलं नाही. माउंटचे बोल्ट ढिले करून इंजिन चालू ठेवून बॉक्स आपोआप बसू दिला, मग आवळले. फरक शून्य. मग मागचा प्रोपेलर काढला आणि पुढच्या चाकांवर, फोर-हायमध्ये, शेडच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर गाडी चालवली. थरथर तशीच. म्हणजे दोष मागच्या प्रोपेलरचा नाही.

हीच चाचणी बॉक्स उतरवण्याआधी करायला हवी होती. मोजक्या बोल्टचं काम आहे.

२५ मे

यंदा पाऊस मेमध्येच आला. शेडमध्ये पाणी, तरी कारण सापडलं.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मधला छोटा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका सपाटीत असायला हवेत. शाफ्ट टेबलावर ठेवला तर एक काटा सपाट आणि दुसरा किंचित कललेला. क्रॉस बदलताना दुकानात सरकणारा जोड सुटा केला होता आणि परत घालताना स्प्लाइनचा एक दात चुकला. क्रॉसच्या जोडाचा वेग कोनात असताना एकसारखा राहत नाही. एका टोकाने वाढवलेला वेग दुसऱ्या टोकाने कमी करायचा असतो. काटे रेषेत नसले तर दोन्ही टोकं मिळून धक्का वाढवतात. बॅलन्सिंग कितीही अचूक असलं तरी हे त्याने जात नाही.

आमची पंचची खूण फ्लेंजवर होती, सरकणाऱ्या जोडावर नव्हती. १९ जानेवारीच्या नोंदीत भर घाला: सरकणाऱ्या जोडाच्या दोन्ही बाजूंनाही खूण हवी.

एक दात फिरवून बसवला. साताऱ्याच्या रस्त्याला खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. साठ, सत्तर, ऐंशी, कुठेही थरथर नाही. ऐंशीला इंजिन आधीपेक्षा १२ टक्के जास्त फिरतं, ते कानाला कळतं. स्पीडोमीटर मात्र बदलला नाही, कारण त्याची केबल ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवरून निघते. फोनवरच्या जीपीएसशी ताडून पाहिला.

८ जून

राजमाची, सोबत मित्राची गाडी. सोबत असल्याशिवाय पावसात त्या वाटेला जाऊ नये.

ज्या दगडी पट्ट्यात क्लच जळायचा तिथे लो पहिला टाकला आणि दोन्ही पाय पेडलवरून काढले. गिअरबॉक्सचा पहिला ३.६५२ आहे. आधी लोशी गुणून ८.३ पडायचं, आता ९.२. कागदावर फरक छोटा वाटतो. जमिनीवर तो इतका आहे की गाडी दगडावर चाक ठेवते, चढते, पलीकडे उतरते आणि क्लचला हात लावावा लागत नाही. उधेवाडीपर्यंत वास आला नाही. उतारावर लिव्हर एकदाही उडाला नाही. एका ओढ्यात हबच्या वर पाणी होतं, परत आल्यावर ट्रान्सफरचं थोडं तेल काढून पाहिलं, स्वच्छ.

तोटाही लिहितो. लिटरला पूर्वी ११ किलोमीटर मिळायचे, आता १० च्या आसपास. मुंबई-पुणे नेहमी करणाऱ्याला हा बॉक्स मी सुचवणार नाही. ज्याची गाडी आठवड्याला मावळात नाहीतर मुळशीत चिखलात असते, त्याने जरूर शोधावा.

२२ जून

मजुरी १४,००० धरून एकूण खर्च ५९,४०० रुपये. अंदाजापेक्षा १४,४०० जास्त, त्यात सगळ्यात मोठा वाटा डाव्या जॉइंटचा.

नव्या बॉक्सचं पहिलं तेल बदललं. चुंबकाच्या प्लगवर बारीक करडी पूड होती, तुकडा एकही नाही. डावं नकल अजून किंचित ओलसर दिसतं. गळतंय ते ग्रीस, तेल नाही, म्हणजे आतलं सील धरून आहे आणि फेल्ट बसतेय. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा बघू.

प्रोपेलरच्या फ्लेंजचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. मधल्या छोट्या शाफ्टचे दोन पाव फेरा आवळले गेले. नवीन माउंटचं रबर बसायला वेळ घेतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर हे बोल्ट आणि माउंटचे बोल्ट दोन्ही एकदा आवळून घ्या.